हार्विचहून रात्रीची बोट, सकाळी एफ्टलिंग : स्वतःच्या गाडीने पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत मुलं पाच-सहा वर्षांची झाली की पॅरिसच्या डिस्नेलँडचा विषय निघतोच. आमच्याकडेही निघाला होता. पण गाडी पहिल्यांदाच समुद्रापलीकडे न्यायची असेल तर मी नेदरलँड्समधलं एफ्टलिंग हे परीकथांचं मनोरंजन उद्यान सुचवेन. फ्रान्सच्या कॅले बंदराहून डिस्नेलँड जवळजवळ तीनशे किलोमीटर, शिवाय वाटेत टोलनाके. एफ्टलिंगला जाताना इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विचला रात्री बोटीत चढायचं, झोपायचं, सकाळी हूक व्हॅन हॉलंड या डच बंदरात उतरायचं आणि तिथून शंभर-एकशेदहा किलोमीटर गाडी चालवायची. चालवणाऱ्याची झोप झालेली असते आणि रस्ता उजेडात सापडतो. उलट्या बाजूने गाडी चालवायला शिकताना या दोन गोष्टींइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही.

आम्ही दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या खेपेला सासू-सासरेही बरोबर होते. तयारीला लागणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते.

आधी पासपोर्ट, मग तिकिटं

घरात एकाचाही पासपोर्ट भारतीय असेल तर सुरुवात शेंगेन व्हिसापासून करा. इंग्लंडचा रहिवासी परवाना असला तरी तो नेदरलँड्समध्ये शिरायला चालत नाही. मुक्काम फक्त नेदरलँड्समध्ये असेल तर अर्जही नेदरलँड्सकडेच करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची असते. शाळेच्या सुट्ट्यांच्या आधी ती मिळत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये जायचं तर एप्रिल-मेमध्येच हालचाल करा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचं शुल्क नाही, पण व्हिसा मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा लागतो.

भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यायचं असेल तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणायला सांगा. अर्ज आपण जिथे राहतो त्या देशातून करायचा असा नियम आहे, आणि इंग्लंडला पाहुणे म्हणून आलेले लोक इथले रहिवासी धरले जात नाहीत. इकडे आल्यावर बघू म्हणाल तर त्यांना घरी ठेवून जावं लागेल, आणि ते फार वाईट वाटतं. त्यांचा इंग्लंडचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, हेही बघून ठेवा.

आता ब्रिटनचा रहिवासी परवाना कार्डावर नसतो, ऑनलाइन ई-व्हिसा असतो. मधल्या काळात तुम्ही भारतीय पासपोर्ट नवा केला असेल तर त्याचा क्रमांक त्या ई-व्हिसाच्या खात्यात घातलेला हवा. नाहीतर परत येताना बोटीच्या खिडकीवर तुमचा हक्क सापडत नाही आणि मागे गाड्यांची रांग वाढत जाते. घरी बसून दहा मिनिटांत होणारं काम आहे, आधीच उरका.

गाडीचे कागद

लायसन्स फोटोकार्डाचं हवं. गाडीचं नोंदणीपत्र मूळ प्रतीतच घ्या, छायाप्रत नको. विम्याच्या कंपनीला फोन करून नेमका प्रश्न विचारा : परदेशात मला पूर्ण संरक्षण आहे की फक्त समोरच्याच्या नुकसानीचं? इंग्लंडच्या विम्यात युरोपसाठी किमान संरक्षण आपोआप असतं, पण ते फक्त समोरच्यासाठी. तुमची स्वतःची गाडी ठोकली गेली तर खर्च तुमचा. वाटेत गाडी बंद पडली तर मदत मिळण्याची सोयही युरोपसाठी वेगळी घ्यावी लागते. गाडी भाड्याची किंवा कंपनीची असेल तर ती देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी लागते.

मागे ‘यूके’ची चिकटपट्टी हवी. जुनी ‘जीबी’ची पट्टी २८ सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. ‘यूके’ ही अक्षरं नंबरप्लेटवरच असतील तर नेदरलँड्ससाठी तेवढं पुरतं. हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या विसरू नका. आपल्या गाड्यांचे दिवे डावीकडच्या कडेवर झोत टाकतात, आणि तिकडे त्याच बाजूने समोरची वाहनं येतात. झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लाल त्रिकोण आणि चमकणारी जाकिटं डिकीत ठेवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथेही बालआसन लागतं, इथल्यासारखंच.

डब्यात काय नेऊ नये

प्रवास म्हटला की आपण डबा बांधतोच. पण ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि ती नुसती कागदावर नाही. २०२१च्या जानेवारीत याच हूकच्या बंदरात डच अधिकाऱ्यांनी ट्रकचालकांचे हॅमचे सँडविच काढून घेतले होते आणि ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. तेव्हा पनीर, दही, चीज, पेढे-बर्फी, चिकनचा रस्सा घरीच ठेवा. दशम्या तेलावरच्या करा, दुधात भिजवू नका. मेथीचे पराठे, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, बिस्किटं यांनी दोन दिवस सहज निभतं. दह्याशिवाय न जेवणाऱ्याला हूकला उतरल्यावर कुठल्याही दुकानात दही मिळेल.

बोटीवरची रात्र

लंडनकडून येताना ए१२ आणि मग ए१२० धरून हार्विच. वाटेत कोल्चेस्टरच्या आसपास वाहतूक तुंबते, म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. ही बोट स्टेना लाइन कंपनीची. रात्रीची फेरी अकराच्या सुमारास निघते आणि तिकडच्या घड्याळाने सकाळी आठच्या सुमारास उतरवते. नेदरलँड्स इंग्लंडच्या एक तास पुढे आहे. बोटीवर साडेसहाला उठवतात तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात साडेपाचच वाजलेले असतात. जेवण बोटीवर करू म्हणालात तर झोपायला बारा वाजतात, आणि सकाळी चाकावर बसणारा माणूस अर्धवट झोपेतला असतो. आम्ही आता रांगेत उभ्या गाडीतच डबा उघडतो आणि बोटीत चढल्यावर सरळ केबिन गाठतो.

रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते. गाडी खालच्या डेकवर लावायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, चोरीचा अलार्म बंद करायचा, कारण बोट हलली की तो वाजत राहतो. बोट चालू असताना गाड्यांचा मजला बंद असतो, वरून परत खाली येता येत नाही. म्हणून एका छोट्या पिशवीत रात्रीचे कपडे, दातघासणी, औषधं, मुलांचं झोपायचं खेळणं आणि सगळे पासपोर्ट घरीच भरून ठेवा. पहिल्या खेपेला धाकटीचं खोकल्याचं औषध गाडीत राहिलं आणि ती रात्र आम्हाला जड गेली. डेकचा क्रमांक आणि जिन्याचा रंग फोनमध्ये टिपून घ्या. सकाळी सगळे एकदम खाली निघतात, तेव्हा आठवणीवर विसंबता येत नाही.

उत्तर समुद्र हिवाळ्यात चांगलाच हलतो. गाडी लागणारं कुणी असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्याजवळ मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी द्यायची तर बोट निघण्याआधी द्या. आमच्या सासूबाईंनी आवळासुपारी आणि आल्याच्या वडीवर रात्र काढली आणि त्यांना काही झालं नाही.

पहिले दोन तास कुठेही पोचायचं नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. बोटीतून उतरलात की थेट महामार्गावर जाऊ नका.

त्याची दोन कारणं. आठला उतरून पासपोर्ट तपासणी झाली की तुम्ही रॉटरडॅमच्या ऑफिसच्या गर्दीत नेमके सापडता. आठवड्याच्या मधल्या दिवशी बंदराभोवतीचे रस्ते त्या वेळी तुंबलेले असतात. दुसरं कारण हाताचं. आपण भारतात डावीकडून शिकलो, इंग्लंडात डावीकडूनच चालवली. उजवीकडची सवय हातांना लागायला थोडा वेळ द्यावा लागतो आणि तो शांत रस्त्यावरच मिळतो. तपासणीत बिगरयुरोपीय पासपोर्टवाल्यांचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाली आहे, त्यामुळे या रांगेचा वेळही धरून चाला. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र काढतात.

बंदरातून बाहेर पडल्यावर हूकच्या गावात जा, बेकरीतून गरम पाव घ्या. इथला समुद्रकिनारा रुंद आहे, मुलांना अर्धा तास वाळूत सोडा. मग मासलांटचं पूरद्वार बघायला चला, बंदरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. रॉटरडॅमला जाणाऱ्या जलमार्गावर पांढऱ्या पोलादाची दोन प्रचंड दारं आहेत, प्रत्येक दोनशेदहा मीटर लांब. वादळात समुद्र चढला की ती पाण्यात सरकून नदीचं तोंड बंद करतात. १९५३च्या फेब्रुवारीतल्या महापुरात नेदरलँड्समध्ये अठराशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर या देशाने समुद्र अडवण्याची जी कामं काढली त्यातलं हे शेवटच्यांपैकी एक, १९९७मध्ये पुरं झालेलं. माझ्या सासऱ्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यांना तिथून हलवायला वेळ लागला. मला स्वतःला हा थांबा त्या सहलीतल्या कुठल्याही पाळण्याइतकाच मोलाचा वाटतो. आणि बघून होईपर्यंत साडेनऊ-दहा वाजलेले असतात, गर्दी ओसरलेली असते.

उजवीकडून चालवताना एक साधी खूण धरा : चालवणारा कायम रस्त्याच्या कडेला असायला हवा. इंग्लंडात तुमची खुर्ची रस्त्याच्या मध्याकडे असते, इथे ती पदपथाकडे येते. तुम्ही मध्याला आणि शेजारचा माणूस कडेला असं झालं तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. चूक भर वाहतुकीत होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर पडताना, रिकाम्या गल्लीत वळताना, हॉटेलच्या आवारातून सकाळी निघताना. माझ्याकडून अशीच एका पेट्रोलपंपाच्या बाहेर झाली. समोरून एक सायकलवाली आजी येत होती, तिने हात वर करून थांबवलं. तेव्हापासून आमच्या गाडीत नियम आहे : थांबून पुन्हा निघताना शेजारच्याने मोठ्याने ‘उजवीकडून’ म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

रस्ता

हूकहून ए२० महामार्ग धरायचा. केथेलप्लाइनच्या जंक्शनवर ए४ ला वळून बेनेलक्स बोगद्यातून नदी ओलांडायची, पलीकडे ए१५ वरून पूर्वेकडे, रिडरकर्कला ए१६ घेऊन दक्षिणेकडे. डॉर्ड्रेख्ट मागे पडल्यावर मूरडाइकचा लांब पूल येतो. पुढे झोन्झेलला ए५९ वर पूर्वेकडे वळून वालवाइकपर्यंत, तिथून एन२६१ वर टिलबर्गच्या दिशेने. थोड्याच अंतरात एफ्टलिंगच्या पाट्या दिसू लागतात. गर्दी नसेल तर एकूण सव्वा ते दीड तास.

फोनवरचा नकाशा कदाचित तुम्हाला ए२४ वरच्या नव्या मासडेल्टा बोगद्यातून नेईल. तो डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाला. अंतर वाचतं, पण तिथे टोल आहे आणि नाका नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, आणि गेल्यापासून ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. रक्कम दीड युरोच्या आसपास, विसरलात तर दंडासकट वाढते. त्या रस्त्याने गेलात तर संध्याकाळी हॉटेलवर पोचताच भरून टाका, किंवा नकाशात ‘टोल टाळा’ निवडा.

मूरडाइकच्या पुलावर वारा आडवा येतो, छतावर सामानाची पेटी असेल तर चाक घट्ट धरा. हा पूल ओलांडला की तुम्ही ब्राबांट प्रांतात येता. डच लोक ‘नद्यांच्या वरचे’ आणि ‘नद्यांच्या खालचे’ असं म्हणतात, जसं आपण घाटावरचे आणि घाटाखालचे म्हणतो. बोली, खाणं, सणवार यांत या नद्यांनी खरंच फरक पाडला आहे.

ए५९ वर होइपोल्डरला एक नवल आहे : महामार्गावर सिग्नल. नव्वद-शंभरच्या वेगात असताना तांबडा दिवा येईल हे कुणाच्या मनात नसतं, आणि तिथे रांगही लागते. झोन्झेल सोडल्यावर शेजारच्याने आठवण करून द्यावी.

महामार्गावर दिवसा, म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सात, सर्वसाधारण वेगमर्यादा १०० किलोमीटर. ज्या पट्ट्यावर वेगळी असेल तिथे पाटी असते. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ८०, गावात ५० आणि वस्तीत बहुतेक ठिकाणी ३०. तुमच्या स्पीडोमीटरवर मोठे आकडे मैलांचे असतात, म्हणून एक कागद डॅशबोर्डवर चिकटवा : १०० म्हणजे ६२, ८० म्हणजे ५०, ५० म्हणजे ३१, ३० म्हणजे १९. लेनच्या वर तांबडी फुली दिसली की ती लेन बंद, ताबडतोब सोडायची. कडेची जादा लेन फक्त हिरवा बाण असेल तरच वापरायची. आणि फोन हातात घेतला तर दंड चारशे युरोंहून जास्त आहे.

ओव्हरटेक करताना आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतून डावीकडचं नीट दिसत नाही. दोन लेनच्या साध्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे राहायला शिका. पहिल्या सहलीत ओव्हरटेक करायचंच नाही असं ठरवलं तरी तुमची फार तर दहा मिनिटं जातील.

सर्वांत जास्त लक्ष सायकलींकडे हवं. तांबड्या डांबराची पट्टी त्यांची, तिच्यावर एक चाकही थांबवायचं नाही. तुम्ही उजवीकडे वळताय आणि शेजारून सायकलवाला सरळ चाललाय तर आधी तो जाणार. वळण्यापूर्वी मान मागे वळवून बघा, नुसता आरसा पुरत नाही. रस्त्यावर तुमच्याकडे टोक केलेले पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील तर आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. त्रिकोणही नाहीत, सिग्नलही नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये हा नियम सतत लागतो, आणि डच चालक तुमच्याकडे न बघता निघतो कारण तुम्ही थांबणार हे त्याने धरलेलं असतं.

पेट्रोल ‘युरो ९५’ नावाने मिळतं. महामार्गावरच्या पंपावर महाग, वालवाइकमध्ये आत शिरलात तर स्वस्त. पैसे देताना फक्त क्रेडिट कार्डावर राहू नका, डेबिट कार्डही जवळ असू द्या.

एफ्टलिंगमध्ये

तिकीट आधीच ऑनलाइन, तारखेचं घ्या. दर दिवसागणिक बदलतात. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. गाडी लावण्याचे पैसे वेगळे, तेही तिकिटाबरोबरच भरता येतात. बाग बाराही महिने उघडी असते. गाडीची रांग टिपून ठेवा. एफ्टलिंग ज्या गावात आहे त्या काट्सह्यूव्हेलच्या मैदानात संध्याकाळी सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

हे ठिकाण १९५२मध्ये सुरू झालं ते परीकथांच्या वनाने. चित्रकार आन्टॉन पीक यांनी ते रेखलं. वाकडी छपरं, शेवाळलेल्या विटा, झाडांत लपलेली घरं आजही त्यांच्याच हातची वाटतात. झोके-पाळणे नंतर आले : पायथॉन १९८१ला, फाटा मोर्गाना १९८६ला, परीलोकातून नेणारं ड्रोमफ्लुख्ट १९९३ला. लहान मुलं असतील तर दार उघडताच ड्रोमफ्लुख्ट आणि सिम्बोलिका उरकून घ्या, तिथेच रांगा वाढतात. वनात रांगच नसते, म्हणून ते दुपारसाठी ठेवा आणि घाई न करता फिरा. मोठ्यांना वेगाची हौस असेल तर ‘बॅरन १८९८’ला १३२ सेंटिमीटर उंची लागते. घरीच दाराच्या चौकटीला लावून मापून या, म्हणजे तिथे रडारड होत नाही.

वनातलं बोलणं डच भाषेत आहे. मुलांना कथा आधीच ठाऊक असतील तर भाषेने काही अडत नाही. आम्ही निघण्याआधी पंधरा दिवस रोज रात्री एक गोष्ट मराठीत सांगितली. हॅन्सेल आणि ग्रेटेल, लाल टोपीवाली, लांब केसांची रापुन्झेल. त्यामुळे वनातला लांब मानेचा पुतळा झाडांमधून वर येताना दिसला तेव्हा आमच्या मुलांनी त्याच्यावर स्वतःची गोष्ट रचली. आजी-आजोबा बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या.

‘भारतीय कमळं’ नावाचं एक दालन १९६६पासून आहे. गोष्ट स्पेनमध्ये जन्मलेल्या, पुढे बेल्जियमची राणी झालेल्या फाबिओला यांनी लिहिलेली. रात्री नाचणाऱ्या पऱ्या कमळं होतात आणि पुन्हा उमलतात. आपल्या कुठल्या लोककथेत ही बसत नाही, पण सासूबाई तिथे दोनदा जाऊन आल्या. आणि कागद खाणारा जाड्या होल्ले बोल्ले खाइस. तो ‘पापीर हीर’, म्हणजे ‘कागद इकडे’, असं ओरडत बसतो आणि तोंडात कचरा टाकला की आभार मानतो. आमच्या मुलांनी त्या दिवशी बाकांखालचे कागददेखील वेचले.

स्वतःचा डबा आत नेता येतो. शाकाहारी लोकांना तळलेले बटाटे आणि पोफर्ट्येस, म्हणजे छोटे गोल पॅनकेक, मिळतात, मात्र पोफर्ट्येसच्या पिठात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या. संध्याकाळी तळ्यावरचं कारंज्यांचं नृत्य बघूनच निघा. एका दिवसात बोटीवर परतायचा बेत करू नका. वालवाइक किंवा टिलबर्गमध्ये रात्र काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या लोन आणि ड्रुननच्या वाळूच्या टेकड्यांवर मुलांना सोडा. जंगलाच्या मधोमध एवढी मोकळी वाळू कुठून आली, हा प्रश्न त्यांना दिवसभर पुरतो.

परतताना

हूकला बोट सुटण्याच्या दोन तास आधी पोचा, म्हणजे रॉटरडॅमभोवती अडकलात तरी जीव खालीवर होत नाही. हॉलंडहून चीज आणायचा मोह होतो, पण युरोपातल्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटनने १२ एप्रिल २०२५पासून प्रवाशांना तिथलं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी केली. निघण्याआधी ताजा नियम बघा. स्ट्रूपवाफेल (पाक भरलेली पातळ वाफळं), चॉकलेट, बिस्किटं चालतात, तीच भेट म्हणून आणा.

आणि हार्विचला उतरल्यावर तोच ‘उजवीकडून’ म्हणणारा माणूस आता ‘डावीकडून’ म्हणू दे. तीन दिवसांत हातांनी नवी सवय धरलेली असते, आणि बंदर सोडलं की गोल चौक येतो.